निर्णय कायम

अमेरिकन फुटबॉलचा सामना मी प्रत्यक्ष कधी पाहिलेला नाही. तो चेंडूही हातात धरलेला नाही. शहाळ्याला दोन्हीकडून टोक काढावं तसा तो दिसतो, आणि नाव फुटबॉल असलं तरी त्या खेळात पायाला फारसं कोणी विचारत नाही, एवढं ज्ञान मला पन्नाशी उलटल्यावर झालं. त्यानंतर थोड्याच दिवसांत मी त्या खेळातल्या पंचांच्या चुका काढायला बसलो, आणि त्याचा मला पगार मिळू लागला.

त्याआधी मी मुद्रितशोधक होतो. एका दैनिकाची ठाणे-कल्याणपुरती पुरवणी निघायची, तिच्यातले ऱ्हस्वदीर्घ सांभाळणं हे माझं काम. पुरवणी बंद झाली तेव्हा निरोपाच्या भाषणात आमचे संपादक ‘एका पर्वाचा अस्त’ असं म्हणाले. त्या पर्वाची शेवटची काही वर्षं मुख्यतः टू बीएचकेच्या जाहिरातींत गेली होती, पण निरोपसमारंभात असं कोणी बोलत नाही. मग एका ओळखीच्याने मला खोपटला, एस.टी. डेपोच्या मागच्या एका इमारतीत नेलं. तिथे चौथ्या मजल्यावर पंचवीस-तीस मुलंमुली कानाला हेडफोन लावून, अमेरिकेतले अगडबंब पुरुष एकमेकांच्या अंगावर पडताना पाहत होती. सगळीकडे विलक्षण शांतता होती.

काम असं. तिकडच्या व्यावसायिक सामन्यांत ज्या निर्णयांवरून रान उठलं असेल, त्या क्षणांचे व्हिडिओ-तुकडे आमच्याकडे यायचे. झेल होता की नव्हता, पाय रेषेच्या आत होता की बाहेर, ढकललं की नुसताच धक्का लागला. दोन जण एकमेकांना न विचारता तो तुकडा पाहायचे आणि आपापलं मत नोंदवायचे. मतं जुळली तर प्रश्न मिटला. नाही जुळली तर तुकडा माझ्याकडे यायचा आणि मी म्हणेन ते अंतिम. माझ्या हुद्द्याचं इंग्रजी नाव इतकं लांब होतं की घरी मी ‘पंच’ एवढंच सांगितलं. बायको म्हणाली, सोसायटीच्या मीटिंगमध्ये यांच्या तोंडून शब्द फुटत नाही, आणि हे अमेरिकेचे पंच.

मला घेतलं ते खेळातलं कळतं म्हणून नव्हे. नियमांचं पुस्तक जाडजूड होतं आणि त्यातलं एकेक वाक्य अर्धं पान चालायचं. असली वाक्यं शेवटापर्यंत वाचायची आणि वाचून झाल्यावर पहिला शब्द आठवायचा, ही माझी आयुष्यभराची सवय. तिची किंमत कोणीतरी करतंय याचा मला आनंद झाला होता, हे नाकारत नाही.

तिथल्या पंचांचा थाट मात्र पाहण्यासारखा. काळे-पांढरे पट्टे असलेले शर्ट, कमरेला पिवळा रुमाल. काही चुकलं की तो रुमाल हवेत. निर्णयावर वाद झाला की मुख्य पंच बाजूला जाऊन कानाला यंत्र लावतो, पडद्यात पाहतो, कोणाशी तरी दूर बोलतो. मग मैदानाच्या मध्यावर येतो, कमरेवरचा माइक चालू करतो आणि भरल्या स्टेडियमला निकाल सांगतो. न्यायाची इतकी साग्रसंगीत पूजा मी आपल्याकडे कोर्टातही पाहिली नाही. निकाल बहुतेक वेळा एवढाच असायचा की, बुवा, काही नीट दिसत नाही.

पण ‘दिसत नाही’ असं म्हणायची त्यांची पद्धत वेगळी होती, आणि पुढे जे झालं ते त्या पद्धतीतच अडकलेलं आहे. फेरतपासणीचे तीन निकाल. चित्रात चूक स्पष्ट दिसली तर निर्णय फिरला. पंच बरोबर होता हे स्पष्ट दिसलं तर निर्णय पक्का. आणि काहीच स्पष्ट दिसलं नाही तर मैदानावर जे आधी ठरलं होतं तेच पुढे चालू. नव्या मुलांना हा तिसरा प्रकार कळायचा नाही, म्हणून मी एक मराठी टिपण केलं आणि त्याला शब्द दिला, ‘कायम’. मला तो शब्द फार नेमका वाटला होता. प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी मी फळ्यावर लिहायचो, ‘कायम म्हणजे बरोबर नव्हे.’ हे लिहिलं की खोलीत हमखास खसखस पिकायची. मागे बसलेला एखादा म्हणायचा की काका, ते आम्हाला एचआरने आधीच सांगितलंय.

कारण ती सगळी कंत्राटावर होती आणि सगळ्यांना एकच ध्यास होता, कायम होण्याचा.

काका हे नावही तिथलंच. आमच्या कंपनीत सगळ्यांनी एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारायची असं धोरण होतं. तसं भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलेलंही होतं, आणि त्या मजकुरात एक अनुस्वार जास्त होता. डोकं पांढरं झालेल्या माणसाला नावाने हाक मारायला मुलांची जीभ रेटेना, साहेब म्हणायला धोरण आडवं येई. तेव्हा मी सगळ्यांचा काका झालो.

त्यांतली एक मुलगी कल्याण पूर्वेची. मुलगी म्हणतो, पण तिशीच्या जवळ आलेली, आधी एका बँकेच्या कॉल सेंटरला आणि नंतर एका वकिलाकडे टायपिंगला काम केलेली. कंपनीची गाडी कल्याणहून निघायची, तिला आणि आणखी तिघाचौघांना घ्यायची, मानपाड्याच्या नाक्यावर मला उचलायची, आणि शीळफाट्याला जाऊन थांबायची. तिथे ती किती वेळ थांबेल हे पुढच्या ट्रेलरवर अवलंबून. त्या थांबण्यात आमचे वाद चालायचे.

वाद मुख्यतः झेलावरून. त्या खेळात झेल घेताना चेंडू जमिनीला टेकला तरी चालतं, फक्त तो हातात पक्का असला पाहिजे आणि टेकल्यावर हलता कामा नये. आता हे डोंबिवलीच्या पटांगणांवर वाढलेल्या माणसाला कसं पटावं? टप्पा पडला की झेल संपला, हे आम्हाला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं. ऑफिसातला प्रत्येक मुलगा नियम पाठ म्हणून दाखवायचा आणि चेंडू गवताला लागलेला दिसला की बोट आपोआप ‘झेल नाही’वर जायचं. माझंही जायचं. मी ते मागे घ्यायचो. एकदा गाडीत एक पोरगा मला म्हणाला, “काका, तुमच्या डोळ्यात अजून सीझन बॉल अडकलाय. काढून घ्या कुठेतरी.” आणि तिने वळून त्याला सांगितलं की तुझ्या डोळ्यात टेनिस बॉल आहे, तू गप्प बस. तिला हा रोग नव्हता. आम्ही कारण विचारलं तर म्हणाली, मला लहानपणी क्रिकेटमध्ये कोणी घेतलंच नाही, त्यामुळे माझे डोळे कोरे राहिले.

तिला दुसरा रोग होता. पंचाने दिलंय म्हणून मानायचं, हे तिला जमत नसे. मैदानावरच्या पंचाच्या विरुद्ध मत देण्याची तिला जवळजवळ ओढ होती. दहात एखाद्या वेळी ती जे पाहायची ते तिथे नसायचंच, खेळाडूचा आवेश पाहून ती त्याला झेल देऊन टाकायची. मी तिला सांगायचो की तू वकिलाकडे होतीस ते अजून गेलं नाही. ती म्हणायची, वकील पंचाच्या बाजूने बोलला तर त्याला वकील कशाला म्हणायचं.

तिला कायम व्हायचं होतं ते आईसाठी. आईने मानपाड्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात पॅकिंगच्या पट्ट्यावर उभं राहून सगळी नोकरी काढलेली, आणि आता दोन्ही गुडघे गेलेले. डॉक्टरांनी गुडघे बदलायला सांगितले होते. आमच्या कंपनीचा आरोग्यविमा कायम झालेल्यांच्या आईवडिलांना लागू व्हायचा, कंत्राटावरच्यांच्या नाही. एवढी साधी गोष्ट. ती हे रडून वगैरे सांगायची नाही, गाडीत पोळीभाजी खाता खाता सांगायची. त्या पोळीभाजीतला वाटा मलाही असायचा. लसणीची, खोबऱ्याची एक चटणी आई करायची, ती तर ती माझ्यासाठी वेगळ्या डबीत आणायची.

कायम होण्याची अट म्हणजे अचूकता. तुम्ही नोंदवलेलं मत शेवटच्या निकालाशी किती वेळा जुळलं यावरून संगणक तुमचा आकडा काढायचा. तिचा आकडा पंचांशी भांडण्याच्या सवयीमुळे नेहमी काठावर. त्या तिमाहीतला शेवटचा गठ्ठा यायचा होता, तेव्हा शीळफाट्याला अडकलेल्या गाडीत तिने मला हे सांगितलं. माझ्याकडून काही अपेक्षा म्हणून नाही. आमच्यात नुसतं बोलायचं म्हणून. मला ते कळायला नको होतं, असं मी नंतर फार वेळा म्हणालो. कळलं होतं.

त्या गठ्ठ्यात तो तुकडा आला.

सामना हंगामाच्या शेवटाकडचा, हरेल तो घरी जाणार अशातला. खेळाडू सूर मारतो, चेंडू दोन्ही हातांत घेतो आणि पोटावर पडतो. चेंडूचं टोक गवताला लागतं. प्रश्न एवढाच की लागलं तेव्हा चेंडू हातात हलला का. एका कॅमेऱ्यातून त्याचाच खांदा आड येतो. दुसऱ्या कॅमेऱ्यातून ऐन त्या क्षणी विरुद्ध बाजूच्या खेळाडूची पोटरी आड येते. मैदानावरच्या पंचाने हात हलवून सांगितलं होतं, झेल नाही. मुख्य पंचाने कानाला यंत्र लावून, बराच वेळ पाहून सांगितलं, कायम. तिकडे लोक खवळले. मुलांनी मला फोनवर दाखवलं, कोणी शर्ट जाळत होतं, कोणी पंचाच्या डोळ्यांच्या डॉक्टरची चौकशी करत होतं.

आमच्याकडे एकाने ‘झेल नाही’ म्हटलं, दुसऱ्याने ‘झेल’. नावं माझ्यापासून लपवलेली असायची, तो आमच्या निःपक्षपातीपणाचा अभिमानाचा विषय होता. पाहुणे आले की त्यांना तो आवर्जून सांगितला जाई. पण मतासोबत छोटासा शेरा लिहायचा असतो, आणि ज्याने तीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं तपासली त्याच्यापासून कोण काय लपवणार? शेरा होता, ‘हात खाली आहे. नीट बघा.’ पंचाला ‘नीट बघा’ म्हणणारं त्या मजल्यावर एकच माणूस होतं.

मी नीट पाहिलं. पुन्हा पाहिलं. एकदा वाटलं, हो, चेंडूखाली बोटं आहेत. पुढच्या वेळी वाटलं, ती बोटं नाहीत, गवत आहे. प्रामाणिक उत्तर एकच होतं की मला कळत नाही, आणि कळत नाही यासाठी बटण होतं.

पण त्या बटणाच्या आधी आणखी एक पायरी होती. आमच्यापुरतं काही स्पष्ट नसेल तर ‘जादा फूटेज’ मागवता यायचं. मैदानात इतर कॅमेरे असतात, त्यांचं चित्रण एक-दोन दिवसांत यायचं, आणि कधी कधी त्यात लख्ख दिसायचं. मी ते कितीदा तरी मागवलं होतं. कोणासाठी मागवलं हे मला माहीतही नसायचं, आणि विचारही करायचो नाही. त्या दिवशी माझं बोट जादा फूटेजच्या बटणापर्यंत गेलं आणि मी ते उचललं. मनात आलं, ही ओळखीची. हिच्या आईची चटणी आपण खाल्ली आहे. हिचं काय अडलंय ते आपल्याला माहीत आहे. आता आपण जादा फूटेज मागवलं तर तो न्याय की मेहेरबानी? आणि असं मनात आल्याबरोबर मला स्वतःविषयी बरं वाटलं. छातीत एक प्रकारचा ताठा आला. मला वाटतं, पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घातल्यावर त्या लोकांना असंच वाटत असेल.

मी ‘कायम’ दाबलं.

नियमाप्रमाणे मी बरोबर होतो. आजही आहे. कोणीही येऊन तपासावं. काहीच दिसत नसेल तर मैदानावरचा निर्णय चालू राहतो, आणि मला काहीच दिसत नव्हतं. फक्त संगणकाला ‘पक्का’ आणि ‘कायम’ यांतला फरक कळत नव्हता. त्याच्या लेखी दोन्हींचा अर्थ एकच, पंच बरोबर, आणि ज्याने उलट मत दिलं तो चूक. जो फरक मी फळ्यावर लिहून लिहून शिकवायचो, तो यंत्रात कोणी घातलाच नव्हता. हेही मला माहीत होतं. मुद्रितशोधकाला माहीत असतं की छापणाऱ्याने कुठे काय गाळलंय.

तिचा आकडा काठाच्या खाली गेला.

कायम झालेल्यांचा समारंभ झाला. फुगे, केक, एक मोठा पडदा. आमचे प्रमुख वयाने माझ्या भाच्याएवढे. ते न्याय, पारदर्शकता आणि कुटुंब या विषयांवर बोलले. तिन्ही विषय एकाच वाक्यात आणायची त्यांची हातोटी होती. मग म्हणाले की ही पत्रं आपल्यातल्या सर्वांत निःपक्षपाती माणसाच्या हातून दिली जावीत, आणि माझ्याकडे पाहिलं. मला पुढे जावं लागलं. मी एकेकाला पत्र देत होतो आणि प्रत्येकासाठी ती टाळ्या वाजवत होती, तिसऱ्या रांगेत बसून, मनापासून. ज्याला टेनिस बॉलवरून बोलली होती तो कायम झाला तेव्हा तिने शिट्टीही मारली. फोटोत मी सगळ्यांबरोबर आहे.

पुढचे काही दिवस ती गाडीत मागच्या सीटवर बसायची, कानात काहीतरी घालून. मला वाटलं होतं तिला कळलेलं नाही. मग एकदा शीळफाट्याला गाडी अशी अडकली की ड्रायव्हर उतरून चहा प्यायला गेला, पोरंही उतरली, आणि ती पुढे येऊन माझ्या शेजारी बसली.

“तो तुकडा तुमच्याकडे आलेला ना?”

मी हो म्हटलं.

“माझा आहे हे कळलेलं तुम्हाला?”

“कळलं होतं.”

“बाकीच्यांना फूटेज मागवता. माझ्या वेळी का नाही मागवलंत?”

मी जे होतं तेच सांगितलं. “तू ओळखीची होतीस म्हणून.”

ती हसली. मला वाटलं होतं रागावेल. “म्हणजे मी तुम्हाला डबा दिला नसता तर बरं झालं असतं. अनोळखी असते तर दोन दिवस जास्त बघितलं असतंत.”

मी म्हणालो की फूटेज येऊनही कदाचित काही दिसलं नसतं. कदाचित तूच चूक निघाली असतीस.

“निघाले असते ना. मग चूक म्हणून घरी बसले असते. आता मी चूकपण नाही, बरोबरपण नाही, नुसतीच बाहेर.” तिने खिडकीतून ट्रेलरच्या मागच्या दिव्यांकडे पाहिलं. “तुम्ही शिकवलेलंत तो शब्द. चांगला शिकवलेला.”

ड्रायव्हर परत आला, पोरं चढली, आणि ती मागे गेली. चटणीची डबी तिने त्याही दिवशी आणली होती. उतरताना माझ्या हातात दिली. मला ती घरी जाऊन उघडवेना, तेव्हा बायकोने उघडली आणि जेवताना विचारलं की आज वाढू नको का.

दुसऱ्या दिवशी मी प्रमुखांकडे गेलो. म्हटलं, त्या तुकड्यासाठी जादा फूटेज मागवायला हवं होतं, ते माझ्याकडून राहिलं, आता मागवू द्या. त्यांनी मला बसवलं, पाणी मागवलं. म्हणाले, गठ्ठा अमेरिकेला गेला, बंद झाला, आता तो उघडायचा तर सगळ्यांचेच उघडावे लागतील. मी म्हटलं, उघडा. ते म्हणाले, तुमच्यासारख्या माणसाने एका व्यक्तीसाठी नियम वाकवायला सांगावा याचं आश्चर्य वाटतं. आणि मग मायेने, खरोखर मायेने, म्हणाले की तुम्ही मनाला लावून घेताय हाच तुमचा मोठेपणा आहे. मी तिथून उठलो तेव्हा आणखी थोडा मोठा झालो होतो. तिला कंत्राटाची मुदत वाढवून मिळाली होती, पुढच्या खेपेला पुन्हा बघू म्हणून. गुडघ्यांना पुढच्या खेपेचं कोण सांगणार?

मी तो तुकडा नंतर बरेचदा पाहिला. फोनवर, दुपारी, घरी. अजूनही पाहतो. अजूनही एकदा बोटं दिसतात आणि एकदा गवत. मी चुकलो असं कोणी सिद्ध केलं असतं तर बरं झालं असतं. चूक दुरुस्त करायची कशी हे मला ठाऊक आहे, समासात खूण करायची आणि पुढे जायचं. इथे खूण करायला जागाच नाही.

मग मी जे करता येईल ते करायला निघालो. एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात गुडघ्यांची शस्त्रक्रिया सवलतीत होते आणि तिथे माझ्या बायकोचा मावसभाऊ कामाला आहे, असं कळलं होतं. मी त्याच्याशी बोललो. रांग मोठी होती, पण नाव घालतो म्हणाला. हे मला तिला फोनवर सांगता आलं असतं. पण मी रविवारी कल्याणला तिच्या घरी गेलो. बरं वाटून घ्यायची संधी माणूस सहसा सोडत नाही.

तिसरा मजला, लिफ्ट नाही. दार तिनेच उघडलं. “या” म्हणाली. काका म्हणाली नाही. घर लख्ख होतं. भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर, तिला ताजा हार. आई खुर्चीवर बसून मटार सोलत होती, ती मला पाहून उठायला लागली आणि मी नको नको म्हणेपर्यंत उठलीही. मी हॉस्पिटलचं सांगितलं. आईने दोन्ही हात जोडले. म्हणाली, ही रोज तुमच्याबद्दल बोलते, तुम्हाला चटणी आवडते म्हणून मी मुद्दाम लसूण जास्त घालते. मुलगी आत चहा करत होती. भांड्यांचा आवाज येत होता आणि मध्येच थांबत होता.

आईने खुर्ची माझ्याकडे सरकवली.

“तुम्ही तिथले मोठे पंच ना? मग तुम्हाला माहीत असेल. हिचं कुणी अडवलं हो?”

आतला आवाज पूर्ण थांबला. मी तोंड उघडलं. मी सांगणार होतो की नव्हतो, हे मला आजही सांगता येणार नाही.

“आई, तो अमेरिकेतला पंच होता,” ती आतून म्हणाली. “इथल्या कुणाच्या हातात नव्हतं ते.”

“त्याचं काय घोडं मारलेलं तू?”

“काही नाही गं. त्याला दिसलंच नाही.”

ती चहा घेऊन बाहेर आली. कप माझ्यासमोर ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं नाही. आई म्हणाली, एवढे मोठे लोक, एवढे कॅमेरे, आणि दिसत नाही म्हणजे काय. मी चहा प्यायलो. चहात साखर बेताची होती, मला हवी तशी. ती माझ्यावर उपकार करत होती की शिक्षा, हे ठरवायचा अधिकार तिच्याकडे होता आणि तिने ते ठरवून टाकलं होतं. त्याच्यावर अपील करायचं तर मला तिच्या आईसमोर बोलावं लागलं असतं. मी बोललो नाही.

निघालो तर आई मला सोडायला खाली यायला निघाली. मी हात जोडले, मुलगी म्हणाली आई नको उतरूस, पण ती ऐकेना. आमच्याकडे आलेल्या माणसाला दारातून कसं सोडायचं, म्हणाली. आणि तिने जिन्याकडे पाठ केली, कठडा दोन्ही हातांनी धरला आणि उलटी उतरायला लागली. गुडघे गेलेली माणसं अशी उतरतात, त्यात भार कमी येतो. एक पाय मागे टाकायची, पायरी चाचपायची, मग दुसरा पाय. ती पुढे आणि मी तिच्या वर, दोन पायऱ्या सोडून. तिचं तोंड पूर्ण वेळ माझ्याकडे.

मी म्हटलं, सावकाश. ती म्हणाली, “तुम्ही घाबरू नका, पडायची नाही मी. समोर माणसाचा चेहरा असला की पाय बरोबर पडतो माझा.”

आणि ती माझ्या चेहऱ्याकडे पाहत, एकेक पायरी, तीन मजले खाली उतरत गेली. मी चेहरा होता तसाच धरून ठेवला.